माझ्या हातची गोळी

तोरिका ही माझ्या धाकट्या भावाची, अपाकुकीची बायको. पलीकडच्या बेटावरून लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा तिला चटया विणता येत होत्या, पोहता येत होतं आणि उलट उत्तर देता येत होतं. या शेवटच्या गुणामुळे आमचं जमलं. आमच्याकडे नणंद-भावजयीने एकमेकींची टर उडवायचीच असते. मी तिला काडी म्हणायची. ती म्हणायची, "वन्सं, तुम्ही चर्चमध्ये कुजबुजलात तरी खडकातले मासे पळून जातात."

मासे मात्र खरंच पळाले. गावातल्या बायकांच्या जाळ्याची मी म्होरकी. ओहोटी लागली की आठ-दहा जणी कमरेएवढ्या पाण्यात गोल धरून जाळं ओढतो. यंदा लागोपाठ तीन वेळा जाळं रिकामं आलं. आमच्याकडे याचा अर्थ सांगावा लागत नाही. कुणीतरी पोट लपवून आमच्याबरोबर पाण्यात उतरते आहे. बाईने दिवस गेल्याचं सांगितलं नाही की तिच्या हाताला यश येत नाही. तिचा पाव फुगत नाही, तिने कापलेले केस पुन्हा धड वाढत नाहीत.

तिसऱ्या वेळी किनाऱ्यावर माझं डोकं फिरलं. "कोण आहे ती, मुकाट्याने सांगा. आठ दिवस घरात नुसता कसाव्याचा कंद नि मीठ चाललंय."

सगळ्या एकमेकींच्या पोटाकडे बघू लागल्या. सत्तरीची लोसालिनी आजी म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? माझं दुकान कधीच बंद झालं." सगळ्या हसल्या. तोरिकाही हसली, आणि तशीच तोंडावर हात धरून होडीच्या मागे पळाली. ओकण्याचा आवाज मला ऐकू आला. ती का लपवत होती ते गावात फक्त मला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. उलट्यांनी बेजार झाली तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टर केलेराने गोळ्या दिल्या. उलट्या थांबल्या, तिने आनंदाने गावभर सांगितलं, आणि दहाव्या आठवड्यात सगळं गेलं. बायका तिच्याजवळ येऊन बसल्या होत्या. त्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, "त्या गोळ्या गिळल्यास ना, त्याने झालं. उलट्या होतात त्या कशासाठी? बाळाला नको असतं ते बाहेर पडायला." मी काय डॉक्टर लागून गेले होते? पण असं ठासून बोलले की बायकांनी माना डोलावल्या. तोरिका भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

खरं कारण वेगळंच होतं. सगळं गेलं त्याच्या दोनच दिवस आधी चर्चला पाहुणे येणार होते, मासे हवे होते. तोरिका म्हणाली होती, "वन्सं, आज कंबर दुखतेय." मी म्हणाले, "कंबर सगळ्यांनाच आहे." तीन तास तिने माझ्या शेजारी जाळं ओढलं. नंतर कुणाला ते जाळं आठवायच्या आत मी गोळ्या पुढे केल्या. भावाला काय वाटेल या भीतीने मी ते केलं, आणि सगळं त्या पोरीच्या अंगावर ढकललं.

होडीमागून ती बाहेर आली तेव्हा ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. मी बखोटीला धरून तिला दवाखान्यात नेलं. वाटेत दोनदा बसली. सिस्टरने तिचे डोळे, जीभ पाहिली, लघवीचा रंग विचारला. तीन आठवडे तिच्या पोटात लिंबाच्या पानांचा चहासुद्धा ठरत नव्हता.

"असंच चाललं तर मला होडी मागवून तुला मोठ्या इस्पितळात धाडावं लागेल," सिस्टर म्हणाली. "गोळी घे. पुष्कळ बायका घेतात. गेल्या वेळचं गोळीने झालं नाही, तेव्हाही सांगितलं होतं मी."

तोरिकाने मान हलवली. नाही.

सिस्टर मला म्हणाली, "विलीमाइना, हिच्या डोक्यात कुणी भरवलंय हे?"

 मी स्टूल ओढून तोरिकासमोर बसले. "घे ती गोळी."

"तुम्हीच म्हणाला होतात."

"खोटं बोलले."

"मग कशाने गेलं?"

 मी सांगितलं. जाळ्याचं, कमरेचं, सगळं.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "माहितीये मला. मीपण होते ना पाण्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? तुम्ही आधीच बोलून मोकळ्या झाला होतात." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "गोळीने गेलं असं मला कधीच वाटलं नाही, वन्सं. पण हेही गेलं तर? गोळी घेतलेली असली की तुम्ही सगळ्या म्हणणार, बघा, पुन्हा तेच केलं हिने. न घेता गेलं तर निदान तेवढं तरी ऐकावं लागणार नाही."

म्हणजे तीन आठवडे ती उपाशी मरत होती ती माझ्या तोंडाच्या धाकाने.

कापसाच्या घड्या घालत असलेली सिस्टर वैतागून म्हणाली, "जाळ्यानेही गेलं नाही. काही गर्भ राहतच नाहीत, त्यात कुणाचा दोष नसतो. दोघी जणी ऐका जरा." ऐकलं मी. पण मला काही हलकं वाटलं नाही. जाळ्याचा दोष उतरला असेल माझ्या डोक्यावरून, पण मी जे बोलले होते ते मीच बोलले होते.

शेवटी तोरिका म्हणाली, "घेते. पण सकाळ-संध्याकाळ तुमच्या हातून घेईन. काही झालं तर बोलणी दोघींनी ऐकायची. आणि बायकांना तुम्ही सांगायचं. जाळ्याचंसुद्धा."

पहिली गोळी मी तिथेच तिच्या तळहातावर ठेवली. 

गुरुवारी बायकांच्या बैठकीत मी उभी राहिले. तोरिकाला दिवस गेलेत, ती उलटीच्या गोळ्या घेते आणि त्या मी देते, असं सांगितलं. लोसालिनी आजी म्हणाली, "पुन्हा गोळ्या? गेल्या वेळी काय झालं विसरलीस?" तिथे गप्प बसले असते तर कुणी विचारणार नव्हतं. मी म्हणाले, "गेल्या वेळी तिची कंबर दुखत असताना मी तिला जाळ्याला नेलं होतं. ते झाकायला मी गोळ्यांचं नाव घेतलं." कुणी हसलं नाही.  आमच्यात भाऊ-बहीण तोंडावर फारसं बोलत नाहीत, त्यामुळे अपाकुकी काय म्हणाला मला कळलं नाही. दर शनिवारी तो माझ्या दारात मळ्यातले कंद ठेवून जातो. त्या शनिवारी ठेवले नाहीत.

पुढच्या ओहोटीला आम्ही तोरिकाला वगळून पाण्यात उतरलो आणि जाळं ओढवेना इतकं भरलं. "बघ, पोट उघड झालं नि मासे आले," बायका म्हणाल्या. मी नुसतं हूं केलं.

संध्याकाळी गोळी घेऊन गेले. तोरिका चटईवर बसून बिस्कीट खात होती, आठवड्यात जरा रंग आला होता तोंडावर. मी हात पुढे केला. माझ्या हाताला माशांचा वास येत होता. तो नाकात गेला मात्र, बिस्कीट, चहा, सगळं तिने माझ्या पायांवर ओकलं.

तोंड पुसत म्हणाली, "आता हे कुणामुळे, वन्सं?"

"माझ्यामुळे," मी म्हणाले.

बाहेर जाऊन लिंबाची पानं चुरगळून कोपरापर्यंत हात घासले, दोनदा. मग आत येऊन तिला गोळी दिली.