न्यू जर्सी की टेक्सस

थोरल्या दिरांनी अमेरिकेतून आमच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला तेव्हा मुलगी बालवाडीत होती. भावानं भावासाठी केलेल्या अर्जाचा नंबर लागता लागता माणसं म्हातारी होतात, म्हणून आम्ही तो विसरूनही गेलो होतो. नंबर लागल्याचं कळलं तेव्हा मुलगी इथं मस्कतमध्ये कॉलेज संपवत होती.

तिचं इथलं राहणं माझ्या नवऱ्याच्या नोकरीला बांधलेलं, आणि त्याच्या कंपनीत एकेक परदेशी माणूस कमी होत चालला होता. ती इथंच जन्मली, अल खौदच्या या फ्लॅटमध्येच वाढली, पण इथली नाही. पुण्यात सुट्टीचे आठ दिवस काढतानाही तिचं तोंड उतरतं. तिला आपला म्हणायला एक देश मिळावा, एवढ्यासाठीच आम्हाला जायचं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं आम्ही जे केलं त्यावरून ते कुणाला पटणार नाही.

फॉर्म कंप्युटरवर भरायचा होता. सगळं भरून झालं आणि एका रकान्यापाशी घोडं अडलं: अमेरिकेत कुठं राहणार, तो पत्ता. दीर न्यू जर्सीत, माझा धाकटा भाऊ टेक्ससमध्ये. मी म्हटलं, "लिहा ना कुठलाही." नवरा म्हणाला, "अगं, सरकारी कागद आहे. उगाच काहीतरी लिहून चालत नाही." त्याचंही खोटं नव्हतं. मुलगी व्हायच्या आधी एकदा घर बदलल्यावर एका कागदावर जुनाच पत्ता राहिला, तर कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या मंदूबबरोबर तो आठवडाभर या कचेरीतून त्या कचेरीत हिंडला होता. इथं पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला कागदाची भीती असतेच.

मग तुलना सुरू झाली. माझा नवरा मवालेहच्या बाजारात टोमॅटोची पेटी घ्यायला चार फेऱ्या मारतो आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत येतो. त्यानं लॅपटॉपवर तक्ता केला. न्यू जर्सीत घरभाडं डोळे पांढरे करणारं, घरपट्टीही तशीच. पण इंडियन दुकानं चालत जाण्याएवढी जवळ, ट्रेन, मराठी मंडळ. टेक्ससमध्ये पगारावर राज्याचा कर नाही, तेवढ्याच भाड्यात तीन खोल्या जास्त. पण गाडीशिवाय दुधाची पिशवी आणता येत नाही. डॉलरचे रियाल व्हायचे, रियालचे रुपये व्हायचे. डझनभर अंड्यांचा भाव दोन्हीकडे फोन करून विचारला जायचा. "उन्हात भाजायला इथं काय कमी आहे?" तो म्हणायचा. "आणि बर्फ उपसायला तुमची कंबर आहे का?" मी म्हणायची. आजारी पडल्यावर काय, हा रकाना मात्र दोन्हीकडे रिकामाच राहिला, कारण तिथला विमा दिरांनाही कळला नव्हता आणि माझ्या भावालाही.

खरं सांगायचं तर ही सगळी निमित्तं होती. सासूबाई न्यू जर्सीत दिरांकडे अंथरुणाला खिळलेल्या. जाऊबाई नोकरीला जातात. आपण तिथं गेलो की आपल्याला फुकटची नर्स करणार, हे मी मनात पक्कं धरलं होतं. नवऱ्याला शेवटी शेवटी आईजवळ राहायचं होतं, ते मला दिसत होतं. तो ते बोलला नाही आणि मीही माझं बोलले नाही. बोललो असतो तर एका संध्याकाळचं कडकडून भांडण होऊन मिटलं असतं. त्याऐवजी आम्ही अंड्यांचे भाव काढत बसलो.

दिरांचा फोन यायचा. "अरे, फॉर्म भरून टाका लवकर. पुढचं पुढं बघू." फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "बघा, घाई कुणाला आहे ते." नवऱ्यानं पुन्हा तक्ता उघडला. दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि मी पुन्हा तेच बोलले. मुलगीही विचारायची, "पप्पा, फॉर्म सबमिट केला? मला माझं काही प्लॅन करता येत नाही." तो म्हणायचा, "इन्शाल्ला, या वीकेंडला." असे कितीतरी वीकेंड गेले.

शेवटी कंपनीनं नवऱ्याला तीन महिन्यांची नोटीस दिली. त्या दिवशी त्यानं मला काही न विचारता न्यू जर्सीचा पत्ता टाइप केला. अर्धं मिनिटही लागलं नाही. मी शेजारीच बसले होते.

आम्हा दोघांचं पुढं सरकलं, मुलीचं थांबलं. दिरांनी वकिलाला गाठलं. अर्ज पडून होता ती वर्षं तिच्या वयातून वजा होत होती, म्हणून एकविसाची मर्यादा उलटूनही ती मुलांत धरली जात होती. पण ही सवलत टिकवायला नंबर लागल्यापासून वर्षाच्या आत फॉर्म भरायला हवा होता. वर्ष उलटून सात आठवडे झाले होते. पत्ता कुणाचाही चालला असता, नंतर बदलताही आला असता, असं वकील म्हणाला. दीर रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मुलीला शुक्रवारी जेवण झाल्यावर सांगितलं. नवरा नियम समजावून सांगायला लागला, तेव्हा मी त्याला मध्येच थांबवलं. "आमची चूक झाली," मी म्हटलं. "तू येऊ शकत नाहीस."

तिनं ताट बाजूला सरकवलं. "पण तुम्ही दोघं जाऊ शकता?"

"हो," नवरा म्हणाला.

"देन गो, आई. तुम्ही जा. मी... मी करेन मॅनेज."

यावर आईनं काय म्हणायचं असतं ते मला माहीत होतं. वेडी आहेस का, तुला टाकून आम्ही कुठं जाणार? इतकी वर्षं मी ते कुणालाही, कधीही, झोपेतसुद्धा म्हटलं असतं. पण नवऱ्याची नोकरी गेलेली, पुण्यात आमचं म्हणून काही नाही, आणि या वयात आम्हाला कुठं कोण विचारणार, हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात एकदम येऊन उभं राहिलं. मी विचार करत राहिले, आणि मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मग मी म्हटलं, "वेडी आहेस का?" तिनं "ओके" म्हटलं, ताट उचललं आणि आत गेली.