प्रणयाला नऊ गुण

भिकाजी नाचणकरांना रत्नागिरीतल्या दुकानांत कोणी चहा विचारत नसे, आणि यात दुकानदारांचा काही दोष नव्हता. वजनमापं तपासण्याच्या सरकारी कचेरीत ते नोकरीला होते. पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन ते राम आळीत शिरले की त्यांच्याआधी बातमी शेवटच्या दुकानापर्यंत पोचलेली असे. सुरुवातीच्या वर्षांत लोकांनी चहा, पन्हं, एकदा तर पायरी आंब्यांची करंडीसुद्धा पुढे करून पाहिली. भिकाजींचं प्रत्येक वेळी एकच उत्तर, "आधी काटा बघू." काटा बघून झाल्यावर बहुतेकांची चहा द्यायची इच्छा उरत नसे.

त्यांची एक पद्धत होती. नवशिके लोक पेटी उघडून थेट वजन ठेवतात. भिकाजी आधी रिकामी पारडी नुसती बघत उभे राहत. मग पारड्याच्या पोटाखालून हात फिरवत. एका पारड्याखाली त्यांना चिंचेचा गोळा चिकटवलेला सापडला होता, सुपारीएवढा. रिकामं दिसणारं पारडं रिकामं असतंच असं नाही, हे त्या दिवसापासून त्यांच्या मनात जे बसलं ते बसलंच.

असा माणूस सिनेमाकडे कसा वळला, तर अस्लमभाईंमुळे. अस्लमभाई शाळेतले सोबती, आणि गावातल्या एका साप्ताहिकाचे संपादक. त्यांचा आधीचा परीक्षक टॉकीजच्या फुकट पासांना इतका जागायचा, की त्याच्या लेखी वाईट सिनेमा अजून निघायचा होता. सत्त्याण्णवच्या दिवाळीत अस्लमभाई भिकाजींच्या घरी आले आणि म्हणाले, "भिका, चायनं विकत घेता येत नाय असा गावात तू एकटाच उरलायस. सिनेमावर तू लिही."

भिकाजींनी आठ दिवस विचार केला आणि होकार दिला. सेहेचाळीस वर्षांचे होते. अंथरुणाला खिळलेल्या आईचं करण्यात लग्नाचं वय निघून गेलं होतं, आणि ती गेल्यावर रविवारची दुपार फार लांब व्हायला लागली होती. हे कारण अर्थात त्यांनी अस्लमभाईंना सांगितलं नाही.

दर रविवारी तीनचा खेळ. मंगळवारी संध्याकाळी मजकूर छापखान्यात. गुरुवारी अंक. सिनेमा कसलाही असो, पौराणिक असो की मारामारीचा, शेवटी तीन ओळी ठरलेल्या: विनोद, प्रणय, अभिनय, प्रत्येकी दहापैकी. विनोद मोजायला ते अंधारातच वहीत रेघा मारत. आपण स्वतः हसलो तर एक रेघ. पडद्यावर आधी ढोलकी वाजवून हसायची सूचना मिळाली असेल तर अर्धी. अभिनयासाठी ते नटाच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत, कारण तोंड शिकवता येतं, हात विसरतात. आणि प्रणय? पाच वर्षांत प्रणयाला त्यांनी चाराच्या वर गुण दिले नाहीत. कॉलेजातली पोरं त्यांना चारगुणे म्हणत. पण सिनेमाला जायचं की नाही हे गाव त्यांचे गुण बघूनच ठरवी.

पास दोन मिळत. दुसऱ्या खुर्चीवर भिकाजी आपली कापडी पिशवी ठेवत.

त्यांचा मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करायच्या मालिनीबाई साळवी. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी उर्वी पुण्याला शिकायला. मूळच्या खेडच्या. भिकाजींचं बारीक अक्षर छापखान्यात फक्त त्यांनाच लागे, म्हणून मंगळवारी संध्याकाळी ते शेजारी स्टुलावर बसत आणि त्या टाइप करत. तीन वर्षांत दोघांत काना-मात्रेपलीकडे फारसं बोलणं झालं नव्हतं. दोन हजार तीनच्या जानेवारीत एका मंगळवारी मात्र त्या टाइप करता करता थांबल्या.

"नाचणकर, प्रणयाला परत चारच?"

"चारसुद्धा जास्तच झाले."

"तुम्हांस प्रणयातलं कळतं काय, हे मला एकदा बघायचंय." त्यांनी चष्मा वर सरकवला. "तुमचा दुसरा पास कोणास देता?"

"पिशवीला."

"तर या रविवारी पिशवी घरी ठेवा."

भिकाजी हो म्हणाले की नाही, हे त्यांना घरी पोचेपर्यंत आठवेना. रविवारी दुपारी मात्र त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, काढला, साधा घातला आणि पुन्हा इस्त्रीचा घातला.

सिनेमा प्रेमाचा आणि विनोदाचा होता. स्टेशनावर नायक-नायिकेच्या बॅगांची अदलाबदल होते. मग स्वतःच्या बॅगेच्या शोधात तो तिच्याच घरी आचारी बनून राहतो, आणि खोट्या मिशा लावलेला त्याचा मामा सगळ्या गोंधळात भर घालतो. मालिनीबाई सगळं टॉकीज हसून गप्प झाल्यावर हसत. आधी गोष्ट मनात नीट उतरवून घ्यायची आणि मग पदर तोंडाला लावून एकटीनं हसायचं, अशी त्यांची तऱ्हा. भिकाजींनी तसं हसणारं माणूस पाहिलं नव्हतं. पुढे पुढे ते विनोद संपल्यावर त्या हसण्याची वाट बघू लागले. नायिका नायकाच्या ताटातली मिरची गुपचूप उचलून स्वतःच्या ताटात ठेवते असा एक प्रसंग होता. तेव्हा त्या हसल्या नाहीत. खुर्चीच्या हातावरचा त्यांचा हात नुसता स्थिर राहिला, आणि भिकाजी त्या हाताकडेच बघत राहिले.

मध्यंतरात भुईमुगाच्या शेंगा सोलत त्या म्हणाल्या, "नायक रडला, पण नाक कोरडं. माणसाचं रडताना आधी नाक वाहतं."

पाच वर्षं लिहितोय, पण आपल्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं, असं भिकाजींच्या मनात आलं. त्या दिवशी मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत ते उगाच चालत गेले आणि परत आले. ते सुखात होते, आणि या सुखाची त्यांना सवय नव्हती.

मंगळवारी मजकूर गेला. विनोद सात, प्रणय नऊ, अभिनय सात.

मालिनीबाईंनी आकडा दोनदा वाचला. "नऊ?"

"नऊ."

त्यांनी नऊ टाइप केलं आणि त्या अभिनयाच्या ओळीकडे वळल्या.

गुरुवारी अंक निघाला आणि गावात खळबळ उडाली. चारगुण्यांनी नऊ दिले म्हणजे काय! लोक बायकापोरांना घेऊन गेले, टॉकीजसमोर रिक्षांची रांग लागली, आणि मॅनेजरनं सिनेमा दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवून घेतला. शनिवारी भिकाजी राम आळीत तपासणीला गेले, तेव्हा काजूचा व्यापारी बाबू वाट बघतच उभा होता. दोन महिन्यांपूर्वी याच बाबूचं एक झिजलेलं वजन त्यांनी जप्त केलं होतं.

"काय ओ साहेब," बाबू शांतपणे म्हणाला, "तुमच्या नऊ गुणांपायी घरातली सात माणसं घेऊन गेलो. म्हातारी तर झोपलीच. त्यात प्रणय कुठं होता, तेवढं सांगा."

भिकाजींनी पेटी खाली ठेवली.

"माझं वजन पाच ग्रॅम कमी भरलं, ते तुम्ही उचलून नेलंत. मी कुरकूर केली नाय. आता तुमचा काटा कोणी तपासायचा?"

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. भिकाजींना पुढचं दुकान तपासवलं नाही. ते पेटी घेऊन कचेरीत परतले.

रविवारी त्यांनी तिकीट काढून तोच सिनेमा पुन्हा पाहिला. शेजारच्या खुर्चीवर पिशवी होती. मामाच्या मिशा तीनदा गळून पडल्या आणि तिन्ही वेळा ढोलकी आधी वाजली. वहीत अडीच रेघा झाल्या. नायकाचे हात पूर्ण वेळ खिशात. मिरचीचा प्रसंग आला तेव्हा ते पुढे सरकून बसले. बघतात तर प्रसंग जेमतेम पाच सेकंदांचा, नि नायिकेचं लक्ष ताटाकडेही नव्हतं. गेल्या रविवारी हाच प्रसंग त्यांना केवढा मोठा वाटला होता. अंधारात बसल्या बसल्या भिकाजींना कळलं, की गेल्या वेळी मिरची पाहिल्यावर आपण पडद्याकडे पाहिलंच नव्हतं.

पारडं रिकामं आहे की नाही हे बघायचं राहून गेलं होतं. बावीस वर्षं दुसऱ्याच्या पारड्याखाली हात घालणाऱ्या माणसाचं.

आता दोन वाटा होत्या. गप्प बसलं तर गाव आठ दिवसांत विसरलं असतं. पण मग राम आळीत कोणत्या तोंडानं काटा बघायचा? आणि दुरुस्ती छापली, तर शेजारी कोण बसलं होतं हे लोकांना आठवलं असतं. टॉकीजमध्ये दोघांना शंभर जणांनी पाहिलं होतं. लोकांचं काय, त्यांच्या तोंडाला हात कोण लावणार. बोल लागला असता तो मालिनीबाईंना. शिवाय मजकूर टाइप करायचा त्यांनीच. त्या रागावल्या, मंगळवारचं स्टूल गेलं, तर पुढे काय, या विचारानं भिकाजींना खरंच भीती वाटली. सोमवारची रात्र त्यांनी कागद फाडण्यात घालवली.

मंगळवारी ते छापखान्यात गेले आणि एक चिठोरं मालिनीबाईंपुढे ठेवलं. मग स्टुलावर न बसता उभेच राहिले.

"आधी तुम्ही वाचा. नको म्हणालात तर छापायचं नाही. मग मी लिहायचंही बंद करीन."

त्यावर लिहिलं होतं:

"दुरुस्ती. गेल्या अंकातले गुण, विशेषतः प्रणयाला दिलेले नऊ, चुकीचे आहेत. चित्रपट पुन्हा पाहिला. विनोद तीन, प्रणय तीन, अभिनय दोन. वाचकांचा वेळ फुकट गेला, त्यांची क्षमा मागतो. वजन करण्यापूर्वी पारडं रिकामं असावं लागतं. माझं नव्हतं, आणि त्यात जे होतं ते चित्रपटातलं नव्हतं."

मालिनीबाईंनी ते सावकाश वाचलं. विनोदावर जशा हसायच्या, तसाच या वेळीही वेळ घेतला.

"तीन," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा तीनच दिले असते."

"मग त्या दिवशी टाइप करताना बोलला का नाहीत?"

"नऊ कशाचे, ते मला कळलं होतं." त्यांनी मान वर केली नाही. "नऊतून तीन गेले. उरले सहा. त्यांचं काय करायचं?"

भिकाजी म्हणाले, "ते मी मागे घेत नाही."

मालिनीबाईंनी ड्रॉवरमधली कात्री घेतली. चिठोऱ्याची खालची दोन वाक्यं त्यांनी सरळ कापली, घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. उरलेला कागद कॉम्प्युटरला टेकवून टाइप करायला लागल्या.

"एवढं गावास पुरे," त्या म्हणाल्या. "बाकीचं माझं. बसा की, उभे काय."

गुरुवारी दुरुस्ती आली. बाबूनं तो अंक गल्ल्यावर चिकटवला, आणि पुढच्या तपासणीला भिकाजी आले तेव्हा आपणहून पारडी रिकामी करून बाजूला उभा राहिला. चहा मात्र त्यानं विचारला नाही, आणि तो आपला मान आहे हे भिकाजींना कळलं.

पुढच्या वैशाखात उर्वी सुट्टीला आली. तिला नि अस्लमभाईंना साक्षीला घेऊन भिकाजी आणि मालिनीबाईंनी नोंदणी करून लग्न केलं. लोक आठ दिवस बोलले आणि मग आंब्याला लागले.

परीक्षण अजून दर गुरुवारी येतं, तीन ओळी ठरलेल्या. त्यात एकच बदल आहे. शेजारी मालिनीबाई असताना आपलं पारडं रिकामं राहत नाही, हे भिकाजींनी अस्लमभाईंना लेखी कळवून टाकलं. त्यामुळे विनोद आणि अभिनय ते तोलतात, आणि प्रणयाचे गुण मालिनीबाई देतात. बाई कडक आहेत. चाराच्या वर अजून गेलेल्या नाहीत.