ऑल्गाने मागितलेली माफी

हरेश नाखवांनी थर्माकोलचा खोका थेट कॉन्फरन्स टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत सडलेली कोळंबी होती. दोन मिनिटांत एसीच्या खोलीत बसवेना.

"तुमची मशीन बोलते मायनस अठरा. यो बगा मायनस अठराचा माल! आख्खी खोली गेली माजी. चूक कोनाची, ता सांगा."

द्रोणागिरीत त्यांचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथे तापमान दाखवणारी मशीन आमची. पावण्याच्या एमआयडीसीत आम्ही तीच बनवतो. सेन्सरची वायर निसटली की तिने बोंब मारायला हवी. ती शेवटचा आकडाच दाखवत बसली.

"वर्षा, आजच कारण पाहिजे," आमचे मॅनेजर सावंत सर म्हणाले. "नाखवा, लेखी देतो तुम्हाला."

कारण तासाभरात सापडलं. मशीनमधलं सॉफ्टवेअर तयार करायला आम्ही एक ओपन सोर्स बिल्ड सिस्टिम वापरतो. शेकडो फायली जोडून चालणारं सॉफ्टवेअर बनवायचं, हे तिचं काम. तिच्या मदतीला शेल स्क्रिप्ट असतात. हे आण, ते तपास, फेल झालं तर थांब, अशा हुकमांच्या याद्या. जगभरातले लोक मिळून हे फुकट सांभाळतात. स्क्रिप्ट सांभाळणाऱ्या तिघांत मी एक. करंजाड्याच्या घरी, रविवारी, स्वयंपाक आटोपून करते. ऑफिसात कुणाला त्याचं कौतुक नव्हतं, मला मात्र फार अभिमान होता.

निसटलेल्या वायरीची टेस्ट होती. दोन महिन्यांपूर्वी आमच्या कोडमध्ये चूक शिरली, तेव्हापासून ती प्रत्येक बिल्डला फेल होत होती आणि स्क्रिप्ट दर वेळी सगळं ठीक म्हणत होती. टेस्ट चालवणाऱ्या ओळीच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि ट्रू हा शब्द होता. अर्थ असा, की फेल झालं तरी पास धर.

ती ओळ माझी. गेल्या वर्षी डेमोच्या दिवशी मशीन तपासायच्या बेंचची एक पिन सैल होती, त्यामुळे टेस्ट उगाच फेल होत होती. सर माझ्या डोक्याशी उभे. "काहीही कर, सगळं पास, हिरवं दिसलं पाहिजे." आमचा सर्व्हर स्क्रिप्ट थेट प्रोजेक्टमधून उचलतो, म्हणून मी ओळ तिथेच टाकली. तिथे प्रत्येक बदल दुसऱ्या कुणीतरी वाचून मंजूर करायचा असतो. माझा बदल पोलंडच्या ऑल्गाकडे गेला. आम्ही कधी भेटलो नाही. "हे कशासाठी?" तिने विचारलं. मी लिहिलं, "चारच दिवस, मग काढते." माझ्या शब्दावर तिने मंजूर केलं. डेमो झाला आणि मी साफ विसरले.

"सर, ओळ माझी आहे," मी केबिनमध्ये सांगितलं.

"ओपन सोर्स आहे ना? मग ओपन सोर्सचा बग. तुझं नाव आलं की कंपनीचं आलंच. घरी बसायचंय का?"

पत्र मीच टाइप केलं. नाखवांनी ते दोनदा वाचलं.

"म्हंजे भायेरच्या लोकांची चूक?"

मी मान डोलावली. ते खोका उचलून गेले. मला स्वतःची शिसारी आली.

त्याच दिवशी मी ती ओळ काढणारा बदल गाजावाजा न करता पाठवला; कारण एवढंच लिहिलं, की फेल टेस्ट पास दिसतात, आणि मंजुरीला तो पुन्हा ऑल्गाकडेच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोजेक्टच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं, ऑल्गाने स्वतःच्या नावाने लिहिलं होतं: "हा बदल मी मंजूर केला होता. नंतर विचारायला हवं होतं. ज्यांचं नुकसान झालं असेल त्यांची माफी मागते."

मी खाली लिहिलं, "चूक माझी आहे." मग ते पुसलं आणि अंगठ्याचं चित्र टाकून लॅपटॉप बंद केला.

महिन्याभराने ऑल्गाने मंजुरीचं काम सोडलं. आपल्या नजरेवर आता भरवसा नाही, असं तिने कळवलं. तिच्या जागी मला नेमलं.

ओपन सोर्समध्ये काहीच लपत नाही. कोणती ओळ कुणी टाकली, कधी टाकली, सगळं नावासकट आजही तिथे आहे. कुणी जाऊन वाचत नाही, एवढ्यावर माझी नोकरी शाबूत आहे.