प्रशांतच्या लॅपटॉपमधली चौतीस गाणी

फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. वर्गात फोन घ्यायचा नाही हा माझाच नियम, पण तिसऱ्यांदा वाजला म्हणून व्हरांड्यात गेले. एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, प्रशांत सरांच्या फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून आपला नंबर आहे. आपण त्यांच्या कोण?" मी म्हटलं, "मोठी बहीण. काय झालंय?" त्यावर "एक मिनिट होल्ड करा हं," म्हणून तिने मला कसलंसं संगीत ऐकायला लावलं. माझा धाकटा भाऊ खराडीच्या ऑफिसात खुर्चीतून खाली कोसळला होता आणि मी व्हरांड्यात उभी राहून पियानो ऐकत होते. त्रेचाळीस वर्षांचा होता. मी हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं...

याला आता सात आठवडे झाले. राग हळूहळू ओसरेल, असं भेटायला येणारे सांगतात. मला तो ओसरू द्यायचा नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचे वडील, अण्णा, स्वारगेटच्या डेपोत मेकॅनिक होते. दिवसभर बसगाड्यांखाली झोपून काम करायचे आणि जयंतीचे दिवस आले की वस्त्यावस्त्यांतून स्वतः रचलेली गाणी म्हणत फिरायचे. रात्रशाळेवरचं गाणं, मार्केट यार्डातल्या हमालांवरचं गाणं, आईने पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली त्यावरचं गाणं. यातलं एकही त्यांनी कधी कागदावर उतरवलं नाही. "डोक्यात आहे की," म्हणायचे. प्रशांत त्यांच्यामागे कोरस धरत वाढला. पुढे गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या, हा त्यात शिरला, आणि आमच्या गुलटेकडीच्या वस्तीतला पहिला सॉफ्टवेअरवाला झाला. त्याचं काम मला समजावून सांगताना म्हणाला होता, "ताई, परदेशातल्या एका बँकेची माहिती मी रोज दुसरीकडे उतरवून ठेवतो. इकडचं जळालं तरी तिकडचं शाबूत राहतं. याला बॅकअप म्हणतात." अठरा वर्षं त्याने हेच केलं.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला अण्णा विहारात गाता गाता मध्येच थांबले. पुढची ओळ येईना. त्याआधी गॅस बंद करायला विसरत होते, नातीचं नाव विसरत होते, ते आम्ही वयावर ढकललं होतं. त्या दिवशी घरी येताना प्रशांत म्हणाला, "ताई, या वर्षी तीनच कामं. नोकरी नीट करायची, संध्याकाळी सातला घरी पोचायचं, आणि अण्णांची सगळी गाणी रेकॉर्ड करायची." अण्णांनी बोटांवर मोजून एक्केचाळीस गाणी सांगितली. दर रविवारी सकाळी आठला तो माझ्याकडे यायला लागला, कारण अण्णा माझ्याकडेच राहतात. पंखा बंद, कुकरला बंदी, टेम्पोचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून खिडकीला गोधडी. टेबलावर लॅपटॉप, समोर माइक. पहिल्याच रविवारी अण्णांनी विचारलं, "हे ऑफिसचं आहे ना रे? मी डेपोतला पाना कधी घरी आणला नाही." प्रशांत हसून म्हणाला, "मशीन ऑफिसचं आहे अण्णा, रविवार माझा आहे."

रविवारही त्याचा नव्हता. गाणं रंगात आलं की फोन वाजायचा आणि हा लॅपटॉप उचलून जिन्यात जाऊन बसायचा. सातला घरी पोचण्याचं काय झालं ते वैशालीने, माझ्या भावजयीने, परवा सांगितलं. "ताई, यायचे हो सातला. साडेसातला परत लॅपटॉप उघडून बसायचे. लेक सायकल घेऊन दारात उभी, आणि हे आपले 'पाचच मिनिटं' म्हणतायत." तरीही रविवार त्याने चुकवला नाही. डिसेंबर संपेपर्यंत चौतीस गाणी झाली. सात राहिली होती.

तो गेल्याच्या पाचव्या दिवशी, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही व्हायचा होता, त्या गोड आवाजाचा फोन पुन्हा आला. "मॅम, सरांचा असेट रिटर्न पेंडिंग दिसतोय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच तिरमिरीत मी प्रशांतच्या घरी गेले, लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र असं सगळं एका पिशवीत भरलं आणि न्यायला आलेल्या माणसाच्या हातात दिलं. वर पोचपावती मागून घेतली. दुसऱ्याची वस्तू घरात एक दिवसही ठेवायची नाही, हे आमच्या घरचं वळण. वैशाली शेजारीच उभी होती. गाणी माझ्याकडे असतील असं तिला वाटलं, मला वाटलं तिच्याकडे असतील. दोन दिवसांनी अण्णांनी "माझी गाणी लाव" म्हटलं, तेव्हा आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

ती कुठेच नव्हती. त्याच्याबरोबर काम करणारा अमोल घरी येऊन रडला आणि मग त्याने सांगितलं. त्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह चालत नाही. बाहेर काही पाठवलं की वरच्यांना कळतं. खाजगी फायली काढून घ्यायला साहेबांची परवानगी लागते. प्रशांतने ती ऑगस्टमध्येच मागितली होती, दोनदा आठवणही केली होती. साहेबांनी फक्त एक बटण दाबायचं होतं. तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो अर्ज आपोआप बंद झाला. शेरा होता, अर्जदार सेवेत नाही.

मी खराडीला गेले. काचेच्या खोलीत साहेबांनी माझ्यासमोर पाण्याची बाटली ठेवली. "मॅडम, पॉलिसी आहे. मशीन परत आलं की लगेच पुसून साफ करतात. आधी कळवलं असतं तर..." मी म्हटलं, "त्याने कळवलं होतं. आपल्यालाच. तीनदा." सांत्वन करायचं म्हणून साहेब म्हणाले, "यंदाचं वर्ष त्यांचं सगळ्यांत चांगलं होतं. सर्वांत वरचं रेटिंग दिलंय आम्ही." अहो, रेटिंग? माझ्या बापाचं अख्खं आयुष्य पुसून टाकलंत आणि मला शाबासकीचा शेरा दाखवता? हे मी मोठ्याने बोलले. काचेबाहेरची सगळी पोरं माना खाली घालून टाइप करत राहिली.

साहेबांचा राग येतो, तो सोपा आहे. प्रशांतचा येतो तो सोसवत नाही. बँकेचा आकडा न् आकडा जपलास ना रे? मग एका रविवारी दुकानातून एखादा साधा रेकॉर्डर आणायला काय झालं होतं? माझा फोन इथेच पडलेला असायचा... नियम मोडायचा नाही, परवानगी येईल, थांबू या. सभ्य माणूस! आणि मीही तसलीच. पोचपावती अजून माझ्या पर्समध्ये आहे. तिचा काही उपयोग नाही, फाडायचा धीरही होत नाही.

प्रशांत गेला हे अण्णांना माहीत आहे. फक्त रविवारी सकाळी माहीत नसतं. परवाच्या रविवारी आठ वाजता ते आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून टेबलापाशी येऊन बसले. मी खिडकीला गोधडी लावली, पंखा बंद केला आणि माझा फोन समोर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यांनी आईच्या सहीचं गाणं धरलं. पहिलं कडवं पूर्ण म्हटलं, एकही शब्द न अडखळता, आणि थांबले. मला वाटलं, विसरले. मग कळलं. वर्षभर प्रत्येक कडव्यानंतर प्रशांत कानावरचा हेडफोन दाबून ऐकायचा आणि म्हणायचा, "ओके अण्णा, पुढे." तो गप्प राहिला तर आवाज नीट आलेला नसायचा, तेच कडवं पुन्हा घ्यायचं असायचं. खोलीत कोणीच काही बोललं नाही, म्हणून अण्णांनी पहिलं कडवं पुन्हा म्हटलं. थांबले. पुन्हा म्हटलं. त्यांचा घसा बसायला लागला. मला राहवेना. आवाज शक्य तितका सरळ ठेवून मी म्हणाले, "ओके अण्णा, पुढे."

अण्णांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "तू नको," म्हणाले. "त्याला म्हणू दे."

आणि पहिलं कडवं चौथ्यांदा सुरू केलं.