साथीचा फोन कोण उचलतं?

मोल्दोव्हातल्या नदीकाठच्या त्या जिल्ह्यात साथरोगांची डॉक्टर एकच होती, झिनाइदा. बाकीच्या दोघी इटलीला निघून गेल्या, त्यांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. साथ आली तर देश किती तयार आहे हे तपासायला परदेशी पथक आलं, तेव्हा टेबलावर चीज भरलेल्या गरम पोळ्या, प्लाचिंता, मांडल्या होत्या.

तिचे वरिष्ठ वालेरियुसाहेब यांनी तिला सकाळीच बजावलं होतं, "तू नुसती मान हलव. बोलायचं मी बघतो."

साहेब छान बोलले. "खबर द्यायला आमचा नंबर आहे. दिवसरात्र माणूस बसलेला असतो."

पथकातल्या पिकल्या केसांच्या बाईंनी सहज विचारलं, "लावून बघू?"

झिनाइदानं पायानं पर्स टेबलाखाली सरकवली. बाईंनी नंबर लावला आणि त्या पर्समधूनच रिंग वाजू लागली. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. रिंग काही थांबेना. शेवटी तिनं पर्समधून फोन काढून घेतला.

"साथरोग कक्ष, बोला."

"तुम्ही आजारी पडलात तर कोण उचलतं?" समोर बसलेल्या बाईंनी फोनमध्येच विचारलं.

"कुणीच नाही."

तयारीला पाचपैकी एकच गुण पडला. जिन्यात साहेब फणफणले, "अगं, निदान आज तरी बंद ठेवायचास!"

"आणि खरंच कुणाचा आला असता तर, साहेब?"

तो एकच गुण वरच्यांना झोंबला, म्हणूनच पुढच्या वसंतात दुसरी डॉक्टर मिळाली. स्वतःला मिळालेल्या पहिल्याच सुटीच्या रविवारी झिनाइदानं कक्षाच्या नंबरवर चारदा फोन केला, नवी डॉक्टर उचलते की नाही बघायला.