काव भिंतीला लावा

उजव्या बरगडीखाली आग सुरू झाली तेव्हा मला वाटलं, कापूस वेचताना काही चावलं असेल. दुसऱ्या दिवशी पाण्यानं भरलेल्या फोडांचा पट्टा पाठीकडून पोटाकडे सरकला आणि तांड्यात बातमी फिरली, अंगणवाडीवालीले नागीण झाली.

मोठी जाऊ वाटीत काव, म्हणजे लाल गेरू, कालवूनच आली. "नागिणीचं तोंड शेपटीले लागलं का माणूस जाते. उतरवणारा बोलावला हाय. मंतर होईस्तोवर सुई घ्याची नाही."

मी आयुष्यभर अंगणवाडीत काम केलं. लेकरांना लस द्या म्हणून घरोघरी भांडले, शिव्या खाल्ल्या. आणि आता स्वतःच्या अंगाला काव लावून घेऊ?

"बाई, काव भिंतीले लावा. मी दिग्रसले दवाखान्यात चालली."

पदरसुद्धा अंगाला सहन होईना. एसटीत टेकून बसता येईना म्हणून दिग्रसपर्यंत उभीच राहिले.

डॉक्टरीणबाईंनी पाहताक्षणी ओळखलं. "लवकर आलात ते बरं केलं. पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या की जास्त फायदा होतो. लहानपणीच्या कांजण्यांचा विषाणू नसेत झोपून राहतो, वय झालं की उठतो."

"आणि तोंड शेपटीला लागलं तर?"

"ती बहुतेक अंगाच्या एकाच बाजूला राहते. गोल फिरली म्हणून कोणी मरत नाही."

फोड सुकले, पण कळ राहिली. चार महिने ब्लाउज घालताना वीज चमकायची. "मंतर नाही घेतला, मंग भोग," असं लोक म्हणाले. बरी झाल्यावर डॉक्टरीणबाईंना विचारलं, ही पुन्हा होऊ नये म्हणून काही आहे का? त्या म्हणाल्या, "लस आहे, पन्नाशीनंतरची. दोन डोस. पक्की हमी नाही, पण धोका खूप कमी होतो."

जाऊ खो खो हसली. "साठीत लस? तू का पाळण्यात हायस?"

"तुमच्या नातवाले लस द्या म्हणून मी सांगाले आलती, तवा तुमी दार लावून घेतलं होतं. आता माह्यं दार मी उघडं ठेवतो."

पहिल्या डोसनंतर दंड सुजला, दिवसभर ताप होता. जाऊ मुद्दाम पाहायला आली. "पाह्यलं?"

त्याच हातानं मी भाकर थापली. "हे दोन दिवसाचं हाय, बाई. ते चार महिन्याचं होतं."

दुसऱ्या डोसच्या दिवशी फाट्यावर आले, तर जाऊ पिशवी घेऊन उभी.

"मलेबी लहानपणी कांजण्या झालत्या," ती दुसरीकडे पाहत म्हणाली.

"मंग?"

"मंग काय, चाल. पण तांड्यात कोणाले सांगू नको."

"सांगीन. दारोदार सांगीन."

ती पुटपुटत एसटीत चढली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, मग दोघींना लस दिली. आणि मी खरंच दारोदार सांगितलं.