ओ द्यायचं बटण

सुषीबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी कारखान्यात सुताच्या कांड्या भरत होते. नेमकं सूत तुटलं होतं. मी आधी गाठ मारली, मग फोन घेतला. गाडीला अपघात झाला, सुषी गेली, असं ती म्हणाली... दीड महिना झाला, पण आधी गाठ मारली हे मनातून जात नाही.

सुषी माझी धाकटी बहीण. आई वारली तेव्हा ती तीन वर्षांची होती. मी चौथीनंतर शाळा सोडली आणि तिला कडेवर घेऊन इथल्याच भवानी पेठेतल्या यंत्रमागाच्या कारखान्यात जायला लागले. तिला सुताच्या पोत्यावर बसवायचं आणि आपण कांड्या भरायच्या. ती सारखी हाक मारायची, "अक्का, अक्का." हातातलं सूत सोडून तिच्याकडं वळायला कुठं जमायचं...

हीच सुषी पुढे शिकली आणि मोबाइलवरचे खेळ बनवायला लागली. एवढं शिकून खेळ, हे मला कधी पटलं नाही. त्यात दिवाळीला आली ती माझ्यावरच खेळ करून. पडद्यावर एक बाई कांड्या भरते. सूत तुटतं, तिथं बोट दाबून धरलं की गाठ बसते. मागच्या कोपऱ्यातून एक पोरगी "अक्का" म्हणून हाक मारत राहते.

"ओ द्यायचं बटण कुटं हाय?" मी विचारलं.

"न्हाय."

"न्हाय म्हंजे? एक ठेव की."

"तुझ्याकडं तरी होतं का, अक्का?"

मला फार लागलं. "तुला वाढवली, त्याचं हे दाखवतीस व्हय जगाला?"

"दाखवायचं असतं तर फोटो लावला असता. हे हातानंच कळायचं हाय. बोट काढ की एकदा."

"बोट काढलं तर सूत तसंच राहील."

"लई हट्टी हायस तू," म्हणाली आणि आपला जुना फोन माझ्याकडं ठेवून गेली. मग दर रविवारी ती विचारायची, खेळलीस का. मी विचारायची, बटण घातलंस का. शेवटच्या रविवारीही आम्ही एवढंच बोललो.

पंधरा दिवसांमागं चिडूनच तो खेळ काढला. सूत तुटलं, हाक आली, बोट आपोआप काचेवर गेलं. असं कितीदा तरी झालं. तुटलेलं सूत दिसलं की माझा हात ऐकत नाही. शेवटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. सूत लोंबत राहिलं. यंत्र थांबलं. मग कोपऱ्यातली पोरगी उठून आली, त्या बाईला टेकून बसली आणि हाक मारायची थांबली.

असं होतं तर सरळ सांगायचं ना... दुसऱ्या कुणालाही ते दोन मिनिटांत सापडलं असतं. कांड्या भरणारीला कसं सापडणार? अजून राग येतो तिचा.

तो फोन आता कांड्यांच्या टोपलीत असतो. जेवणाच्या सुट्टीत काढते. पहिली गाठ रोज बसतेच... मग हात मांडीखाली घेते.